गॅरंड रायफलीची वायुयोजना व हातानें भरलेलीं काडतुसें

जुन्या शस्त्रांचा संग्रह करणाऱ्यांत असा एक समज रूढ आहे कीं, बंदूक ही मुख्य वस्तु असून काडतूस ही तींत घालावयाची केवळ सामग्री होय. तोडेदार बंदुकीपुरता हा समज फारसा चुकीचा नव्हता. शिपायानें शिंगांतून दारू ओतावी, वर गोळी ठांसावी व जामगीनें बार काढावा; दारू किंचित् अधिक पडली तर खांद्यास धक्का बसे, उणी पडली तर गोळी अलीकडेच पडे, आणि पुढच्या बारास माप सुधारून घेतां येई. परंतु जी बंदूक बाराच्याच वायूनें आपली रिकामी पुंगळी बाहेर फेकते व दुसरें काडतूस आपण होऊन आंत घेते, तिच्या बाबतींत हा समज घातक आहे. अशा बंदुकीचे चालते भाग एका विशिष्ट काडतुसाच्या दाबास उत्तर म्हणून घडविलेले असतात. काडतूस बदललें कीं तें उत्तर चुकतें. या विधानाची साक्ष अमेरिकेच्या गॅरंड रायफलीच्या इतिहासांत फार स्पष्ट मिळते. म्हणून त्या रायफलीची वायुयोजना, काडतुसांमुळें तींत झालेले फेरफार, आणि हातानें भरलेलीं काडतुसें वापरतांना तिचा मेळ कसा घालावा लागतो, यांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. पहिली योजना व तिचा अंत

जॉन कॅन्शियस गॅरंड याचा जन्म कॅनडांतील क्विबेक प्रांतांत १८८८ सालीं झाला. १९१९ च्या अखेरीस तो मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेंत दाखल झाला व निवृत्त होईपर्यंत त्यानें तेथेंच काम केलें. त्याची पहिली स्वयंभर रायफल वायूवर चालणारी नव्हती, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. काडतुसाच्या बुडाशीं जी टोपी असते ती बार होतांच आंतील दाबानें किंचित् मागें सरकूं पाहते. या अल्पशा सरकण्यानेंच बोल्टाचें कुलूप उघडावें व पुढील सर्व क्रिया सुरू व्हावी, अशी त्याची युक्ति होती. ही युक्ति चालली, व कांहीं वर्षें तिच्यावर प्रयोगहि झाले.

परंतु १९२५ च्या सुमारास अमेरिकन सैन्यानें ·३० इंची काडतुसाचा एम-१ हा नवा प्रकार स्वीकारला. त्यांतील दारू पूर्वीच्या दारूपेक्षां अधिक क्रमानें जळणारी होती, व टोपी पुंगळींत कडा दाबून पक्की बसविलेली होती. ज्या सरकण्यावर गॅरंडची सर्व भिस्त, तेंच बंद झालें. रायफलींत कोणताहि दोष निघाला नव्हता. काडतुसाविषयीं दुसऱ्या टेबलावर झालेल्या एका निर्णयानें ती बाद ठरली. वाचकांनीं हा पहिला प्रसंग ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व कथा याच सूत्रावर चालली आहे.

२. तोंडावरचा सांपळा व नळींतील रंध्र

यानंतर गॅरंडनें बाराच्या वायूचा आश्रय केला. १९३० च्या एप्रिलांत त्यानें पेटंटाकरितां अर्ज केला व २७ डिसेंबर १९३२ रोजीं तें त्यास मिळालें. या योजनेंत नळीस भोंक पाडलेलें नव्हतें. नळीच्या तोंडापुढें एक टोपण बसविलें होतें. गोळी खऱ्या तोंडांतून निघून त्या टोपणांतून पार होण्यापूर्वीं तिच्या मागचा वायु मधल्या पोकळींत कोंडला जाई व तेथून नळीखालच्या नळकांड्यांत शिरे. त्या नळकांड्यांत दट्ट्या असे. हा दट्ट्या म्हणजे एका लांब दांड्याचें पुढचें टोंक होय. दांड्याचें मागचें टोंक बोल्टास मागें ढकलून त्याचें कुलूप उघडी. या दांड्यास आम्ही पुढें चालकदांडा म्हणूं.

त्याच १९३२ सालीं दुसरा प्रसंग आला. रायफल ·२७६ इंची लहान काडतुसाकरितां तयार होत आली असतां सेनाप्रमुख मॅकआर्थर यानें तें काडतूस नाकारून जुनेंच ·३० इंची काडतूस कायम केलें. कोठारांतील साठा, यंत्रसामग्री व मशीनगनींचें काडतूस हीं सर्व त्याच मापाचीं होतीं, हें त्याचें कारण. गॅरंडनें मोठ्या काडतुसाची रायफल प्रयोगादाखल केलेलीच होती. तीच पुढें नेण्यांत आली. दहा काडतुसांची क्लिप जाऊन आठांची आली. ९ जानेवारी १९३६ रोजीं ही रायफल एम-१ या नांवानें सैन्यांत मान्य झाली, व १९३७ सालीं कारखान्यांतून पहिल्या रायफली बाहेर पडूं लागल्या.

तोंडावरच्या सांपळ्याचे दोष वापरांत लवकरच दिसून आले. टोपणांत काजळी सांचे, तें ढिलें होई, व रायफलीच्या तोंडाशीं जी बळकटी हवी ती त्यांत नव्हती. १९३९ च्या ऑक्टोबरांत ती योजना सोडून नळीसच रंध्र पाडण्याचें ठरलें, व १९४० पासून नव्या रीतीच्या रायफली होऊं लागल्या. तोंवर जुन्या रीतीच्या सुमारें ५०,००० रायफली झाल्या होत्या. त्यांपैकीं बहुतेक पुढें सैन्यानेंच परत घेऊन नव्या रीतीच्या केल्या. यामुळें मूळ सांपळ्याची रायफल आज अत्यंत दुर्मिळ झाली असून, संग्राहकांच्या बाजारांत मागाहून जुळविलेले नमुने मूळ म्हणून पुढें येण्याचा संभव नेहमींच असतो. एखाद्या बखरीची मूळ प्रत नकलकारानेंच खरडून तीवर नवा पाठ लिहावा, तसाच हा प्रकार होय. पाठ सुधारला, परंतु पुरावा गेला.

३. दीड इंचाचा हिशेब

नव्या रीतींत नळीच्या तोंडापासून सुमारें दीड इंच मागें, खालच्या अंगास, सुमारें ०·०८ इंच व्यासाचें एक रंध्र असतें. नळी २४ इंच लांब. गोळी रंध्र ओलांडून तोंडाबाहेर पडेपर्यंत जें अंतर उरतें तें इतकेंच. सेकंदास सुमारें २,७०० फूट या वेगानें हें अंतर काटण्यास गोळीस एका सेकंदाचा सुमारें वीस हजारावा भाग पुरतो. तेवढ्या अवधींत, व गोळी गेल्यावर नळींतील दाब ओसरेपर्यंत, जो वायु नळकांड्यांत शिरेल त्यावर सर्व यंत्र चालावयाचें.

येथेंच हातानें काडतुसें भरणाऱ्याची मोठी चूक होते. तो कोठ्यांतील दाब पाहतो. म्हणजे ज्या जागीं काडतूस बसतें तेथें उत्पन्न होणारा सर्वांत मोठा दाब. परंतु चालकदांड्यास त्या दाबाशीं फारसें कर्तव्य नाहीं. गोळी रंध्राशीं पोंचली असतां नळींत जो दाब *उरलेला* असतो, तोच त्यास भोंवतो. शीघ्र जळणाऱ्या दारूचा दाब आरंभीं उंच चढून तोंडाशीं येईतों बराच खालावतो. सावकाश जळणाऱ्या दारूचा दाब आरंभीं बेताचाच असतो, परंतु तोंडाशींहि तो टिकून राहतो. तेव्हां एकच गोळी, जवळ जवळ तोच वेग, कोठ्यांतील दाब सर्वस्वीं सुरक्षित, आणि तरीहि दुसऱ्या दारूनें चालकदांड्यास बसणारा तडाखा कितीतरी जबर, असें घडतें. बोल्ट लावून एकेक बार काढावयाच्या रायफलींत हींच काडतुसें निर्धास्त चालतात. म्हणून भरणारा फसतो.

गोळीच्या वजनाचाहि असाच परिणाम आहे. एम-१ काडतुसाची गोळी सुमारें १७३ ग्रेन वजनाची व मागें निमुळती होती. तिचा पल्ला सुमारें साडेपांच हजार यार्ड इतका लांब पडला कीं, पुष्कळ चांदमाऱ्यांचीं मैदानें तीस अपुरीं ठरलीं. म्हणून पुन्हां हलक्या, सुमारें १५० ग्रेनच्या गोळीकडे वळून एम-२ हें काडतूस करण्यांत आलें, व दुसऱ्या महायुद्धांत गॅरंड रायफलीचें नित्याचें काडतूस तेंच झालें. रंध्राची रायफल हीं दोन्ही काडतुसें पेलते. त्याहून जड गोळ्या सावकाश जळणाऱ्या दारूवर घातल्या म्हणजे मर्यादा ओलांडली जाते.

४. हातभरणीचें कारण

महायुद्धाच्या काळांत एम-२ काडतुसाकरितां आय.एम.आर. ४८९५ ही दारू प्रचारांत आली. युद्ध संपल्यावर तिचे मोठे साठे उरले. ते विकत घेऊन कॅन्सस राज्यांतील ब्रूस हॉजडन यानें खाजगी नेमबाजांस विकण्यास आरंभ केला, व अमेरिकेंत हातभरणीचा जो छंद पसरला त्यास या उरल्या दारूचा मोठा हातभार लागला. रायफलीकरितां निवडलेलीच दारू नेमबाजाच्या हातीं आली, हा योग चांगला होता. ४८९५ व तिच्या आसपासच्या गतीच्या दारू या रायफलीस मानवतात. ४३५० सारख्या सावकाश दारू मानवत नाहींत. ज्युलियन हॅचर या शस्त्रखात्यांतील अधिकाऱ्यानें १९४७ व १९४८ सालीं प्रसिद्ध केलेले ग्रंथ या रायफलीच्या अभ्यासकांस अद्याप आधारभूत वाटतात.

पुढें अमेरिकेंतील सरकारी योजनेखालीं जुन्या गॅरंड रायफली नागरिकांस मिळूं लागल्या. बरोबर ग्रीस देशांत तयार झालेलीं सैनिकी काडतुसेंहि पुष्कळ वर्षें मिळत. हे साठे आटत गेले. शिकारीकरितां बाजारांत मिळणारीं त्याच मापाचीं काडतुसें बहुधा जड गोळीचीं व सावकाश दारूचीं असतात. अशा स्थितींत जुन्या रायफलीच्या धन्यापुढें दोनच मार्ग राहतात: मूळच्यासारखीं काडतुसें हातानें भरणें, किंवा वायुयोजनेंत फेरफार करणें.

५. कोणता भाग पणास लागतो

गॅरंडचा चालकदांडा सरळ नाहीं. नळीखालून निघून बोल्टाच्या उजव्या अंगास येण्याकरितां त्यास बांक दिलेला आहे. पुढून अवाजवी तडाखा बसला म्हणजे तो या बांकापाशीं वांकतो. मग तो खांचेंतून निसटूं लागतो, रायफल अडखळते व निशाणहि बिघडतें. दुसरी नाजूक जागा त्याच्या मुठीजवळच्या काटकोनी कोपऱ्याची. तेथें तडे जातात असें आढळल्यावरून महायुद्धानंतरच्या दुरुस्तींत त्या कोपऱ्यास अर्धगोल खांच पाडण्यांत आली, म्हणजे ताण एका बिंदूवर न सांचतां पसरावा. आज संग्राहक खांच नसलेल्या दांड्यास अधिक मोल देतात, कारण तो युद्धकालीन मूळ स्वरूपांतील असतो. परंतु तडा जाण्यास अधिक पात्र तोच. ज्या वस्तूचें मोल अधिक तीच अधिक दुबळी, हा विरोध ध्यानीं घेतला पाहिजे.

म्हणून प्रथम रायफल तपासावी. स्प्रिंग काढून चालकदांडा व बोल्ट जोडून ठेवावे व रायफल वरखालीं कलती करावी. बोल्ट केवळ वजनानें सरकून उघडला व मिटला पाहिजे. कोठें अडल्यास दांडा वांकला आहे किंवा लाकडास घासतो आहे असें समजावें. दांड्याच्या खांचांस ग्रीस लावावें, परंतु दट्ट्या व नळकांडें कोरडें ठेवावें. नळकांडें गंजरोधक पोलादाचें असल्यानें त्यावरील काळा रंग टिकत नाहीं. त्याची चकाकी हा दोष नव्हे. आंतून तें झिजलें असल्यास मात्र वायु गळतो, व चांगलें काडतूसहि उणें पडतें.

काडतुसाविषयीं दोन गोष्टी विसरूं नयेत. या रायफलीची टोंचणी मोकळी असते. बोल्ट मिटतांना ती पुढें येऊन टोपीस हलकेंच टेंकते, व न डागलेल्या टोपीवरहि बारीक खळगा दिसतो. म्हणून टोपी पुंगळीच्या बुडापेक्षां वर राहिल्यास, अगर फार हळवी असल्यास, चाप न ओढतांच बार होण्याचें भय असतें. दुसरें, पुंगळी संपूर्ण मापांत आणलेली हवी. तसें नसेल तर बोल्ट पुरता मिटत नाहीं. दारूचीं वजनें आम्ही मुद्दाम देत नाहीं. तीं दारू करणाऱ्या कारखान्यांनीं या रायफलीकरितां प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांतूनच घ्यावींत.

६. वायूचें माप

वायुयोजना जुळविण्याच्या दोन रीति इतिहासांत दिसतात. एकींत आंत शिरणारा वायु मोजून घेतात. रशियाच्या तोकारेव्ह एस.व्ही.टी.-४० या रायफलीस पांच मापांचा नियामक आहे. त्यावरील १·१ पासून १·७ पर्यंतचे आंकडे रंध्राचा व्यास मिलिमीटरांत दाखवितात. दुसऱ्या रीतींत वायु पुरेसा घेऊन अधिक झालेला बाहेर सोडतात. बेल्जियमच्या एफ.एन. कारखान्याच्या एफ.ए.एल. रायफलीची रीति हीच. तीवरून इशापूर येथें तयार झालेली १-ए-१ रायफल १९६० नंतर भारतीय सैन्याचें मुख्य शस्त्र झाली व १९९० नंतरच्या दशकांत इन्सास येईपर्यंत राहिली. आपल्या गांवोगांवच्या निवृत्त शिपायांस हीच एस.एल.आर. या नांवानें परिचित आहे, आणि तिच्या वायुनियामकाचें कडें फिरवून माप लावणें हा त्यांच्या शिक्षणाचा भाग होता.

गॅरंडच्या मूळ रचनेंत असा नियामक नाहीं. तिचें माप एका काडतुसाकरितां कायमचें बांधलेलें आहे. तथापि अधिक वायु सोडून देण्याची कल्पना तीस अगदींच परकी नव्हे. महायुद्धांत बाँब फेकण्याचें एम-७ हें साधन तिच्या तोंडास लावीत. त्याकरितां नळकांड्याच्या पुढच्या स्क्रूंत झडप ठेवलेली असे. साधन बसवितांच झडप उघडी राही, व वायु दट्ट्यास न ढकलतां बाहेर जाई. अलीकडे जे फिरते स्क्रू मिळतात ते मूळ स्क्रूच्या जागीं बसतात व त्याच तत्त्वावर वायु पुढें सोडतात.

हा स्क्रू लावण्याचा क्रम असा. प्रथम तो पुरता उघडा ठेवून एकच काडतूस घालून बार काढावा. पुंगळी बाहेर पडूं नये, किंवा बोल्ट अर्धाच यावा. मग थोडथोडा मिटीत जावें, व प्रत्येक वेळीं एकच बार काढावा. बोल्ट पुरता मागें येऊन पुंगळी स्वच्छ फेकली जाऊं लागली म्हणजे भरलेली क्लिप घालून पाहावें. आठव्या बारास क्लिप बाहेर उडून बोल्ट उघडा राहिला पाहिजे. त्यानंतर मळ व थंडी यांकरितां किंचित् अधिक वायु देऊन स्क्रू पक्का करावा. हें माप त्या एका काडतुसाचें. दारू, गोळी किंवा वजन बदलल्यास पुन्हां पहिल्यापासून. आणि हेंहि सांगितलें पाहिजे कीं, हा स्क्रू चालकदांड्याचें रक्षण करतो, कोठ्यांतील दाब कमी करीत नाहीं. अतिभरणीचें काडतूस स्क्रू उघडा असला तरी अतिभरणीचेंच राहतें.

कांहीं जण नळींतील रंध्र मोठें करतात किंवा दट्ट्या घासून बारीक करतात. हे उपाय परत फिरविण्याजोगे नाहींत, आणि ऐतिहासिक रायफलीवर ते करणें आम्हांस सर्वथा अयोग्य वाटतें.

७. उपसंहार

आपल्या देशांत हातानें काडतुसें भरणें हा खाजगी छंदाचा विषय नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें त्यास परवाना लागतो. मग या चर्चेचा आपणांस उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग असा कीं, काडतूस व बंदूक यांचा संबंध हा आपल्याहि इतिहासाचा भाग आहे. पुण्याजवळ खडकी येथें १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, व खानदेशांत वरणगांव येथें १९६४ सालीं काडतुसांचा दुसरा कारखाना निघाला. शस्त्र एका प्रांतांत व काडतूस दुसऱ्या प्रांतांत होत असतांहि दोहोंचा मेळ राहिला, तो दाबाचें व मापाचें प्रमाण दोन्हीकडे एकच पाळल्यामुळें. आपल्या संग्रहालयांतून बंदुकांच्या याद्या आढळतात. त्यांत नळीची लांबी असते, मुठीवरील नक्षी असते, परंतु ती बंदूक कोणत्या दारूवर व कोणत्या गोळीवर चालत असे याची नोंद क्वचितच असते. गॅरंडच्या पहिल्या रायफलीचा अंत कां झाला हें नुसती ती रायफल पाहून कोणासहि कळणार नाहीं. १९२५ चें काडतूस शेजारीं ठेवलें तरच कळेल.

तेव्हां संग्राहकांस आमची विनंति दोन गोष्टींची आहे. पहिली, जुन्या शस्त्रास नवें काडतूस मानवत नसेल तर प्रथम काडतूस बदलावें. तेंहि न साधल्यास काढून ठेवतां येईल एवढाच भाग बदलावा, आणि काढलेला मूळ स्क्रू चिठ्ठी बांधून त्याच पेटींत ठेवावा. दुसरी, प्रत्येक शस्त्राच्या नोंदींत त्याचें काडतूस, त्याची दारू व केलेला फेरफार तारखेसह लिहावा. पोथीच्या समासांत शोधन करणारा जुना पंडित मूळ अक्षरांस हरताळ न लावतां शेजारीं आपला पाठ लिही; म्हणूनच आज आपणांस दोन्ही वाचतां येतात. शस्त्रांच्या बाबतींत हाच शिरस्ता पडावा, इतकेंच आमचें म्हणणें आहे.